फिक्कट बलकाची बाजू घ्यायला वारासिवनीला

ही सहल मी ठरवली नाही, माझ्या मावसबहिणीने ठरवली. दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की अंडं सकस आहे का हे बलकावरून ओळखावं. केशरी असेल तर अस्सल गावरान, फिक्कट असेल तर कोंबडीच आजारी. तुम्ही मंडळींनीही भरभरून शाबासकी दिलीत. आता वारासिवनीजवळच्या खेड्यात माझी हीच बहीण कुंदा साठेक कोंबड्या पाळते, आणि तिच्या अंड्यांचा बलक फिक्कट. गावातल्या मुलींच्या वसतिगृहात मेस चालवणाऱ्या काकूंनी मोबाईलवर माझाच लेख दाखवून तिची अंडी बंद केली. फोनवर कुंदा म्हणाली, "दादा, लिहून तूनंच ठेवलं, आता येऊन निस्तर. आमचे हे म्हणून राह्यले, मेस गेली तर कोंबड्या पुढच्या बाजारात काढून टाकू."

नागपूरहून गोंदिया, तिथे गाडी बदलून बालाघाट, पुढे बस. जाणाऱ्यांनी डबा सोबत ठेवावा, गोंदियाला पुढची गाडी आपली वाट बघत उभी नसते. बालाघाटच्या स्टँडवरची बस घड्याळ बघून नाही, भरली की सुटते. तिकीट शंभराच्या आत. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धानाचे बांध आणि मधूनमधून राईस मिलची धुरांडी. मी खिडकीत बसून काकूंपुढे करायचं भाषण जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाने आधी मलाच शिकवलं. मुंगूस फिरतं म्हणून कोंबड्या जाळीच्या आत, हिरवा पाला त्यांना कमीच मिळतो. घमेल्यात मिलमधली तांदळाची कणी, कोंडा, शेंगदाण्याची पेंड, टरफल घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा आणि मूठमूठ भरडलेला जवस.

"मका नाही, कणी आहे. तांदळातून रंग कुठून येईन?" ती म्हणाली. "पण जवसानं अंड्यातली चरबी चांगली होते, हृदयाले बरी. पशुदवाखान्याच्या डॉक्टरबाईनं सांगितलं."

"मग जवस जास्तच घाल ना."

"घातलता. अंड्याले मासोळीचा वास सुटला. हे ताटावरून उठून गेलते."

रंगासाठी झेंडूच्या पाकळ्या चारता येतात, हेही तिला ठाऊक होतं. दोनेक आठवड्यांत बलक केशरी. मग अडलं कुठे?

"झेंडू वाईट नाही, डोळ्याले चांगला म्हणतेत. चारीन कधी. पण तुयासारख्याले खूश करायले काहून चारू?"

यावर मी चहा प्यायलो.

दुपारी मेस. मी काकूंना समजावलं की रंग चाऱ्याचा असतो, प्रथिनं फिक्कट अंड्यातही तेवढीच असतात. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तवा तसं लिहिलं, आता असं म्हणता. बहीण हाय म्हणून?" प्रश्न रास्त होता. मला मनातून खरोखर लाज वाटली, कारण तो लेख लिहिताना मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

कुंदा म्हणाली, "काकू, याचे डोळे बांधा."

एका मुलीची ओढणी डोळ्यांवर आली. दोन उकडलेली अंडी, एक कुंदाचं, एक दुकानातलं. आजूबाजूला जेवणाऱ्या मुली गोळा झाल्याचं आवाजावरून कळत होतं, त्यामुळे माझ्या अंगात आलं. पहिलं चाखून म्हणालो, हे साधं. दुसरं चाखून जिभेवर घोळवलं. "हा बघा भरीव, तुपकट स्वाद. हे कुंदाचं, आंधळाही सांगेल."

ओढणी सुटली. माझ्या हातात दुकानातलं केशरी अंडं होतं. मुली बाकावर हात आपटून हसल्या. "भैया को तो कुछ पता ही नहीं," एक जण म्हणाली. काकूंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"लिहिणाऱ्यालेच समजत नाही," त्या म्हणाल्या, "तं मी काहून याचं वाचून बंद केले? कुंदा, उद्यापासून धाड. जेवढे होतीन तेवढे."

माझ्या भाषणाने जे जमलं नाही ते माझ्या फजितीने जमलं. परतताना कुंदाने मला उसाचा रस पाजला.

निघताना तिने चिन्नोर तांदळाची पिशवी भरून दिली. मी आडून आडून सुचवलं, अंडीही चालतील. "ते पोरींचे आहेत," ती म्हणाली आणि गोठ्याकडे निघून गेली.

जुन्या लेखावर मी आता ठळक अक्षरांत लिहिलं आहे की यातलं बलकाचं सगळं चूक आहे. नागपूरला पोहोचल्यावर बायकोने पिशवी रिकामी केली आणि विचारलं, "अंड्यांसाठी एवढे लांब गेलात, अंडी कुठायत?"

"शिल्लकच नाहीत," मी म्हणालो, आणि इतक्या अभिमानाने म्हणालो की ती माझ्याकडे बघतच राहिली.