नाव ठाऊक नसलेला खांदा

खरं सांगायचं तर त्या साली मपलं देवावरचं मन उडालं होतं. दिवा लावायची, हात जोडायची, पन आत कायबी हलायचं न्हाई. आमचं गाव उस्मानाबादेतनं निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेलतं. पारावर मानसं म्हनायची, आता कचेरी जवळ आली. कचेरी आली, पाऊस काही आला न्हाई. जनावरं बाजारात न्यायची तर घेनारा कोन? दावं सोडून द्यायचे लोक, आन ती बिचारी जनावरं सांजंला परत दारात येऊन उभी ऱ्हायची.

गावाच्या इहिरीला थेंब राहिला नव्हता म्हून आमचे मालक गाळ काढायला उतरले. वरनं दरड आली ती त्यांच्या कमरंवर. नांदेडच्या दवाखान्यात लई दिवस काढले. घरी आनलं तवा कमरंखाली चिमटा काढला तरी त्यांना कळायचं न्हाई. बाजेवर पडून आढ्याकडं बघत ऱ्हायचे. पुढं पुढं आढ्याकडं बी बघंनात. भिंतीकडं तोंड केलं आन भाकर सोडली. वाटीभर आंबील प्यायचे, ती बी मी रडकुंडीला आले की.

आमच्या गावच्या महादेवाला श्रावणातल्या दर सोमवारी गंगेचं पानी लागतं. गोदावरीला आमी गंगाच म्हनतो. कळत्या वयापासनं ते पानी मालक आनायचे, संगं गावातले चार गडी. रविवारी सकाळी येष्टीनं नांदेड गाठायचं, गंगेत घुंगरं बांधलेल्या दोन तांब्याच्या घागरी भरायच्या, बांबूच्या दोन टोकांना बांधायच्या आन खांद्यावर घेऊन दुडक्या चालीनं निघायचं. सडकंनं न्हाई, शेतातनं, माळावरनं, पाऊलवाटंनं. रात्री कंधारच्या अलीकडं झाडाच्या फांदीला कावड टांगून पाठ टेकायची, सोमवारी उजाडता निघून दिवेलागनीला गावात. कावड भुईला टेकली की संपलं, ते पानी देवाचं ऱ्हात न्हाई. आन देवळाच्या पायरीवर गुरव इचारतो, कुनाकुनाचा खांदा लागला? ज्यांचा लागला त्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, मगच पिंडीवर पानी. बिननावाचा खांदा लागला तर कावड मोडली म्हनायचं.

त्या साली गडी कुठले? कोनी खडी फोडायला, कोनी ऊस तोडायला गेलेले. मालक भिंतीकडं तोंड करूनच म्हनले, "पाची सोमवार पानी पोचलं तर मी जेवंन. एक जरी चुकला तर मला आग्रह करू नको." त्यांनी ते मला सांगितलं का देवाला, कळलं न्हाई. पन मी ऐकलं होतं.

मपली ननंद धुरपाबाई माहेरीच असायची, नवरा टाकून गेलेला. तिला म्हनलं, आपन आनू. गावात हसू झालं. एक जन पारावरनं बोलला, "आता बाया कावड आनतेत व्हय?" धुरपाबाई थांबली. "बाप्ये कुठं हायत ते दाखव, त्यांच्या खांद्यावर ठिवते. तू येतूस?" तो बिडी इझवून घरात गेला. आमचा गुरव, त्याला सगळे आप्पा म्हनायचे, लई म्हातारा. त्यानं मान हलवली आन एवढंच म्हनला, "उपास धरा. नावं मी घेईन."

पयल्या सोमवारी मी पळाले ते रागानं पळाले. देवाला दाखवायचं होतं. कंधार यायच्या आतच खांद्याचं कातडं गेलं. घागरी अशा हेलकावे खायच्या की वाटंनं पान्याची धार. दोनी हातांनी बांबू आवळून धरला तर जास्तच सांडायचं. गावात पोचले तवा घागरी अर्ध्या रित्या. घरी गेले तर मालकांनी एकच इचारलं.

"सांडलं?"

"अर्धं."

परत भिंतीकडं तोंड.

दुसऱ्या सोमवारी हळू आलो. तिसऱ्याला धुरपाबाईच्या टाचंत बाभळीचा काटा गेला, निम्मा आतच मोडला. रस्त्यातली गावं बघवत नव्हती. दारं लावलेली, कुत्री बी भुकंनात. मानूस दिसलं तर घागरीकडं बघायचं. कोनी मागितलं न्हाई पानी, देवाचं हाय म्हून. मागितलं असतं तर मी काय केलं असतं, आजबी ठाऊक न्हाई.

आता ही गोष्ट मी का सांगून राहिले, तर मपल्या नातीमुळं. ती डोंगरातल्या लांब लांब शर्यती पळती, एक झाली की दुसरी, दिवसदिवसभर. पायाची नखं काळी करून येती. परवा म्हनली, "आज्जी, तू बी पळलीस की पाच सोमवार, ते बी बिनचपलंची. काय शिकलीस सांग." मी म्हनलं, शिकायला मी शाळंत गेलते व्हय? पन ती वही घेऊन बसलीच. तर चौथा सोमवार सांगते.

चौथ्या सोमवारी कंधार सोडलं आन धुरपाबाईचा पाय सुजून भोपळ्यावानी झाला. मोठ्या रस्त्याच्या कडंला ती बसली ती उठंना. म्हनली, "वहिनी, तुमी व्हा म्होरं. मला येष्टी घावली तर येष्टीनं येते, न्हाई घावली तर रांगत येते. महादेवाला सांगा, पाहुनी उशिरा येईल." ती हसली, मला हसू येईना. खांदा बदलायला दुसरं मानूसच राहिलं नव्हतं. उजव्या खांद्यावरनं डाव्या खांद्यावर मपलं मीच घेत निघाले.

पुढं मोठा माळ लागतो, चढाचा. ऊन असं की डोळ्यापुढं पिवळं. माळाच्या मध्यात पोटरीत गोळा आला. पाय दगड झाला. मग दुसरा बी. मी उभीच राहिले, म्होरं टाकता येईना, खाली बसता येईना, बसले तर घागर टेकती. फांदी बघायला लागले, कावड टांगावी म्हून. झाडं होती, पन फांदी कुठं? शेळ्यांच्या तोंडी पाला घालायला लोकांनी सगळी झाडं भुंडी केलती. नुसते खुंट उभे.

तिथं मी देवाला बोलले. लई वाईट बोलले, ते नातीला लिवू दिलं न्हाई. मग तोंडातला शब्द बी संपला. मनात आलं, जाऊ दे. मी धरून धरून किती धरनार? मालकांची भाकर डोळ्यापुढं आली, टोपल्यात तशीच वाळलेली, आन मी म्हनलं, "तुला पायजे तर तू धर बाबा. मपल्यानं आता होत न्हाई." नवसाचं म्हनून न्हाई म्हनलं. खरंच होत नव्हतं.

तवा मागून कोनी तरी बांबूखाली हात घातला.

बाई होती. मपल्याच वयाची, काळीसावळी, हाताला दगडाची पांढरी धूळ. खडी फोडनाऱ्यांतली असावी, तिकडं तेलंगनातनं लोक यायचे कामाला. मी म्हनलं, "टेकवू नको बाई, देवाचं हाय." ती म्हनली, "ठाऊक, अक्का." कावड तिच्या खांद्यावर गेली आन मी तिथंच मातीत बसले. तिनं एका पायानं मपली पोटरी दाबली, खांद्यावर कावड तशीच ठिवून. मग म्हनली, "रा अक्का, रा." रा म्हंजे ये, तिच्या बोलीत.

ती म्होरं, मी मागं. तिचं चालनं बघितलं. बांबू तिनं धरलाच नव्हता. एक हात वर नुसता ठिवलेला, झोपल्या लेकरावर ठिवावा तसा. घागरी हलायच्या तशी ती हलायची, घागरी थांबल्या की तिचं पाऊल थांबायचं. थेंब सांडत नव्हता. थोडं गेल्यावर तिनं कावड मपल्या खांद्यावर दिली आन मपली आवळलेली बोटं एक एक करून सोडवली. "वद्दू," म्हनली. नको. मी तसंच चालले. भार तेवढाच होता, पन तो मपल्यासंगं भांडत नव्हता.

आलटून पालटून गावाच्या शिवंपर्यंत आलो. शिवंच्या दगडापाशी तिनं कावड मला दिली, मपल्या तोंडावरनं हात फिरवला आन मागं वळली. कावड घेऊन मागं वळायचं नसतं, म्हून मी बघितलं न्हाई कुठं गेली ते. नाव इचारायचं ध्यानात आलं ते देवळाच्या पायरीवर, आप्पानं इचारल्यावर.

देवळापुढं गाव जमलेलं. बघते तर बाजेवर मालक. धुरपाबाई येष्टीनं म्होरं पोचलती, तिनं घरी सांगितलं की वहिनी माळावर एकटी हाय. तवा मालकांनी शेजाऱ्यांना म्हनलं, मला देवळाम्होरं न्या. दरड पडल्यापासनं उंबरा ओलांडलेला त्यो पयला दिवस.

आप्पा म्हनला, "कुनाकुनाचा खांदा?"

"धुरपाबाईचा. मपला. आन एक बाई भेटली माळावर."

"नाव?"

"इचारलं न्हाई."

मागून एक म्हातारी बोलली, "अगं, कोनतं बी सांग. गंगा म्हन, पारू म्हन. कोन बघाय गेलंय?" आप्पा पायरी अडवून तसाच उभा. सूर्य देवळाच्या मागं गेलता. मपल्या खांद्यावर कावड तशीच. घागरी काठोकाठ, तरी मोडली म्हनायची पाळी आलती. खोटं नाव मपल्या तोंडाला येईना. त्या बाईनं बोटं सोडवली होती, तिच्या जागी पारू कशी म्हनू? मी मालकांकडं बघितलं न्हाई. मला त्यांचं तोंड फिरलेलं बघायचं नव्हतं.

तवा बाजेवरनं त्यांचाच आवाज आला. लई दिवसांनी एवढा मोठा.

"आप्पा, मपलं नाव तुमी दर साली घेतलं. मला वाटायचं, पानी मीच आनतो. ह्या साली मपला खांदा न्हाई, तरी पानी दारात उभं हाय. त्या बाईचं नाव ठाऊक न्हाई तर तेवढा येळ गप ऱ्हावा. ज्याला कळायचं त्याला कळंल."

आप्पानं डोळे मिटले. धुरपाबाईचं नाव घेतलं. मपलं घेतलं. मग एक नाव घ्यायला लागतो तेवढा येळ तो गप राहिला, आन सगळं गाव गप राहिलं. घागरीच्या घुंगरांचा आवाज तेवढा. मग पिंडीवर पानी पडलं.

पाचव्या सोमवारी मी त्या माळावर खडीवाल्यांची पालं हुडकली. चुली होत्या, राख गार. मानसं पुढच्या कामाला गेलेली. कोन होती ती, मी सांगत न्हाई, मला ठाऊकच न्हाई. खडी फोडनारी बाई होती एवढं बघितलं. त्या दिवशी मी एकटीच आले, बांबूवर हात नुसता ठिवून. घरी गेले तर मालकांनी "सांडलं?" म्हनून इचारलंच न्हाई. "भाकर वाढ," म्हनले. ते जेवत होते आन मी चुलीकडं तोंड करून रडले.

मालक पायावर काही उभे राहिले न्हाईत. नवस फळला म्हनत लोक यायचे, बाजेकडं बघून माघारी जायचे. पाऊस बी त्या साली आला न्हाई. बाजेवर बसून दोर वळायचे ते, आन श्रावण आला की देवळाम्होरं न्या म्हनायचे. काही सालांनी एका दुपारी दोर वळता वळताच गेले. शेवटी त्यांच्या हातातला पीळ मी सोडवला. बोटं सैलच होती.

आता आप्पा न्हाई, त्याचा नातू गुरवकी करतो. पोरं कावड आनतेत, पायात बूट घालून. नावं घेऊन झाली की एक नावाएवढा येळ अजून सगळे गप ऱ्हातेत. नव्या पोरांना ठाऊक न्हाई का ते, पन ऱ्हातेत. मपल्यानं आता पळनं होत न्हाई, पायरीवर बसते. तेवढ्या येळात मी काही मागत न्हाई. हात मोकळे मांडीवर ठिवते आन त्या बाईला राम राम घालते. नातीला बी तेवढंच सांगितलं, पोरी, चढ आला की मुठी सोड.