मागच्या सीटवरचे आप्पा

आमच्या शाळेतले क्लार्क आप्पा सोमवारी एका पक्षाचे असायचे आणि मंगळवारी दुसऱ्याचे. सकाळी ते कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून आले, त्यावर ते ठरायचं. ऊसवाल्याच्या मागं बसून आले की कारखान्यांनी शेतकऱ्याला कसं नागवलंय ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या माणसाच्या मागं बसून आले की शेतकरीच कसा माजलाय ते सांगायचे. सीमाप्रश्न निघाला तर आप्पा कर्नाटकातही खूश आणि उद्या महाराष्ट्रात गेलो तरीही खूश. मी एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, तुमचं स्वतःचं म्हणणं काय ते तरी कळू दे." तर दाराकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, ज्याच्या मागं बसायचं त्याच्याशी भांडाय येत न्हाय. मधीच उतरवलं तर काय करू?"

शाळा निपाणीत, आणि आप्पांचं गाव आणि माझं सासर एकच, निपाणीपासून बरंच आत. आमच्या भागात मिसरूड फुटायच्या आधी पोरं गाडी उडवत असतात, आणि आप्पांना पन्नाशी उलटली तरी मोटरसायकल येत नव्हती. तरुणपणी घरात गाडी नव्हती. सायकल होती, तिच्यावर पंधरा-वीस वर्षं काढली, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. तोवर बरोबरीची सगळी माणसं गाडीवर पोचली होती आणि आप्पा कोपऱ्यावर हात करून उभे राहायला लागले होते. "शिकायचं वय निघून गेलं की शिकायची लाज वाटती हो," ते म्हणायचे. हे मात्र ते कुणाच्याही मागं बसून आले तरी बदलायचं नाही.

मागं बसण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. डबा मांडीवर, छत्री काखेत, आणि उजवा हात मागच्या कॅरिअरला घट्ट. खड्डा आला की अर्धवट उभे राहायचे. समोर म्हैस आली की त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. वळण आलं की चालवणाऱ्याच्या आधी ह्यांचा हात बाहेर. गाडी चालवणारा काहीही बोलला तरी मागून "हं, हं" चालूच. वारा कानात भरलेला असो नाहीतर नसो, त्या हंमध्ये खंड नाही.

माझ्या स्कूटीवर ते कधी बसले नाहीत. बाईच्या मागं बसून गावात शिरायचं म्हणजे काय, लोक फटाके लावतील की! पण त्यामुळंच एक भलतीच गंमत झाली. अख्ख्या शाळेत माझ्याशी मात्र आप्पा कडाडून भांडायचे. माझी रजा चुकीची, माझा हट्टी स्वभाव वाईट, माझ्या चहात साखर जास्त. मीही ऐकून घेणारी नव्हे. माझी आई निपाणीत विड्या वळता वळता मुकादमाचा उद्धार करायची, तेच तोंड माझ्याकडं आलंय. आमचं भांडण जुंपलं की शिपाई दार लोटून घ्यायचा. मला ते आप्पा फार आवडायचे. त्यांना मतं होती, आणि चांगली लख्ख होती.

आप्पा जैन, दिवस मावळला की अन्न वर्ज्य. शाळा सुटल्यावरची बस गावात पोचायची ती अंधार पडल्यावर. त्यात बायकांना बस फुकट झाल्यापासून आप्पा तिकीट काढून दारात लोंबकळायचे आणि मी त्यांना चिडवायची. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसावं, तर तो वाटेत चहाला थांबणार, कुणाच्या तरी बांधावर गप्पा ठोकणार. आप्पा मावळतीकडं बघत उभे. "चलू या का" एवढं म्हणायची हिंमत व्हायची नाही. अशा दिवशी घरी जाऊन तांब्याभर पाणीही न पिता ते झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायचे, "असू दे. बिचाऱ्यानं आणलं हे काय थोडं झालं?"

संध्याकाळची खात्रीची गाडी एकच, भूपालअण्णांची. भूपालअण्णा म्हणजे आप्पांचे साडू. निपाणीत त्यांचं भांड्यांचं दुकान, राहायला आमच्याच गावात. तेही जैन, त्यांनाही दिवस असतानाच जेवायचं, म्हणून दुकान मुलावर सोपवून ते रोज वेळेवर निघायचे. माणूस मोठ्या आवाजाचा आणि गावात वजनाचा. आप्पांचं संध्याकाळचं जेवण त्या माणसाच्या मागच्या सीटवर अवलंबून होतं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण रोजची होती.

त्या वर्षी पावसाळ्यात भूपालअण्णांनी गाडी चालवता चालवताच पद्माचा विषय काढला. पद्मा ही आप्पांची एकुलती एक लेक, बेळगावात वसतिगृहात राहून वकिली शिकत होती. भूपालअण्णांच्या मनात ती आपल्या पुतण्याला करून घ्यायचं होतं. मळा आहे, बंगला आहे, ट्रॅक्टर आहे, आता शिक्षण पुरे, दिवाळी झाली की सुपारी फोडू. आप्पांना सगळं नीट ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "हं." त्याच आठवड्यात पद्मानं फोनवर सांगितलं, "आप्पा, मला एवढ्यात लग्न नको, मला कोर्टात उभं राहायचंय." आप्पा तिलाही म्हणाले, "हं."

हे मला कसं कळलं? एक दिवस ऑफिसात कुणी नसताना त्यांनी विचारलं, "बाई, माझ्या वयाच्या माणसाला मोटरसायकल येईल व्हय?" मी म्हटलं, येईल की, न यायला काय झालं. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी सगळं सांगितलं. "भूपालला न्हाय म्हणायचंय मला. पोरगी हुशार हाय, तिला चुलीपुढं बसवायची न्हाय. पर रोज त्याच्या मागं बसून त्याला न्हाय कसं म्हणू? आधी गाडी शिकतो, मग म्हणतो."

मला हसू आलं. एका "नाही"साठी हा माणूस लायसन काढायला निघाला होता!

पण ठरवणं म्हणजे आप्पांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हे. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला चष्मा आहे, खुशाल शिका. त्यांना पटलं. गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आप्पा, या वयात पाय मोडला तर जुळत नाही. तेही पटलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, तर रडारड केली, "मला पांढऱ्या कपाळाची करायची हाय काय तुम्हास्नी?" तेही पटलं. सकाळी शिकायचं ठरायचं, दुपारी मोडायचं. एकदा म्हणाले, "स्कूटी सोपी म्हणत्यात, पर ती बायकांची." मी म्हटलं, "मग बसा कोपऱ्यावर हात करून, पुरुष म्हणून." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले, "बाई, दसरा झाला. दिवाळीला किती दिवस ऱ्हायलं? तुमच्या घरची जुनी गाडी हाय न्हवं?"

आमच्या ह्यांची जुनी मोटरसायकल गोठ्यात पडून होती. मी स्वतः तिच्यावरच शिकले होते. रविवारी सकाळी ती गावाबाहेरच्या माळावर नेली. तिथं बघायला शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, देवळात जाऊन आले होते. गाडीची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त, पंधरा वर्षं मागून बघितलेली. क्लच कधी, गिअर कधी, सगळं तोंडपाठ. पण हँडल हातात आल्यावर घामानं निथळले. गाडी चार-चारदा बंद पडली, बेडकासारखी उडी मारून थांबली, आणि मग, काय सांगू, चालली! माळाच्या त्या टोकापर्यंत आप्पा एकटे गेले. लांबून त्यांचं हसणं मला ऐकू आलं. असं मोकळं हसताना त्यांना मी पहिल्यांदा ऐकत होते.

पुढच्या रविवारी घोळ झाला. माळाच्या टोकाला वळण आलं आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं आप्पांनी हँडल सोडून हात बाहेर काढला. वळणावर ते असंच करायचे ना! गाडी एकीकडं, आप्पा दुसरीकडं, आणि त्यांच्या पायावर सायलेन्सर. मी धावत जाऊन गाडी उचलली. पाऊल भाजलं होतं, घोटा सुजला होता. आप्पा मातीत बसून म्हणाले, "बघा बाई. मी मागंच बसायचा माणूस."

सोमवारी पायाला पट्टी बांधून ते परत भूपालअण्णांच्या मागं बसले. माझं डोकं फिरलं. ऑफिसात जाऊन म्हटलं, "आप्पा, नाही म्हणायला गाडी लागत नाही. तोंड लागतं." त्यांनी फाइल बंद केली. रागावले नव्हते, दमलेले दिसत होते. म्हणाले, "तुम्हाला सोपं हाय, बाई. तुमच्याकडं गाडी हाय." मी तोंडाची एवढी तिखट, पण मी कुणाच्या उपकारावर घरी जात नव्हते.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी संध्याकाळी मी स्कूटीवरून घरी निघाले होते. दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि मधून रस्ता. पुढं भूपालअण्णांची मोटरसायकल रस्त्यातच थांबलेली दिसली. भूपालअण्णा गाडीवर, इंजिन चालू, आणि आप्पा खाली उतरून पट्टीच्या पायावर उभे. मला वाटलं गाडी पंक्चर झाली. जवळ गेले तसा भूपालअण्णांचा आवाज आला, "बस की गपगुमान! रस्त्यात काय तमाशा लावलाईस? दिवस मावळाय लागलाय."

"मावळू दे," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोठा होता. "पद्मी तिथं द्यायची न्हाय मला. तिचं शिक्षण मोडायचं न्हाय."

"मग इतकं दिवस हं-हं कशाला करत हुतास रं?"

"तुझ्या गाडीवर हुतो म्हणून."

भूपालअण्णांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. जाताना त्यांनी धूळ उडवली ती आम्हा दोघांच्या अंगावर आली. मी म्हटलं, "आप्पा, बसा, सोडते." त्यांनी मान हलवली. "आज कुणाच्या मागं बसायचं न्हाय. चालतो." लंगडत चालायला लागले. मीही गाडी ढकलत बरोबर निघाले. थोडं गेल्यावर विचारलं, "लई मोठ्यानं बोललो का हो?" मी म्हटलं, हो, मोठ्यानं बोललात, बरं केलंत. तर म्हणाले, "भूपालच्या मनाला लागलं आसंल." त्यांचा मला इतका अभिमान वाटत होता आणि ह्यांचं हे! पुढं म्हणाले, "गावात सांगू नका, बाई. नातलगांत त्याची मान खाली जाईल. मुलाकडनं नको आलं, असं तो सांगंल. सांगू दे." नाही सांगत, असा मी शब्द दिला. गाव दिसायला लागलं तेव्हा दिवस मावळला होता.

तसंच झालं. मुलाकडच्यांनी नकार दिला असं गावभर झालं. दोन्ही बहिणींचं येणंजाणं तुटलं आणि काकू त्याबद्दल आप्पांनाच बोल लावत राहिल्या. भूपालअण्णांशी वाकडं नको म्हणून बाकीचे गाडीवालेही कोपऱ्यावर आप्पा दिसले की वेग वाढवायचे. थंडीत रोज संध्याकाळी बस, दारात लोंबकळणं आणि अंधार. शाळा सुटता सुटता ऑफिसात सकाळची गार भाकरी खाऊन घ्यायचे. पाय बरा झाल्यावर मी विचारलं, "रविवारी येताय ना माळावर?" ते म्हणाले, "नको बाई. ज्याच्यासाठी शिकायची हुती ते काम झालं." मला फार राग आला. एवढं करून हा माणूस परत बसच्या दारातच! पण त्यांनी ठरवलं ते ठरवलं, आणि या खेपेला कुणाला विचारायला गेले नाहीत.

आप्पा निवृत्त झाले, आणि गेल्या उन्हाळ्यात गेले. मी भेटायला गेले तेव्हा पद्मा बेळगावहून आलेली होती. आता ती कोर्टात वकिली करते, बोलणं एकदम ठाम. जोत्यावर बसून म्हणाली, "आप्पा भले होते बाई, पण आयुष्यात कुणाला नाही म्हणू शकले नाहीत. तेव्हा मुलाकडच्यांना मी पसंत पडले नाही म्हणून माझं शिक्षण झालं. लई दिवस लागलं होतं मला ते. पण त्यांनी होकार दिला असता तर आप्पांनी दिलीच असती मला." आणि मग, अगदी सहज, "त्यांचा तरी काय इलाज होता?"

आप्पांना मी शब्द दिला होता. पण मला ते ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं. माळ, गाडी, भाजलेला पाय, उसाच्या फडातला तो रस्ता.

पद्मा पुढं सरकली. "नाही म्हणाले? आप्पा?"

"हो."

"तोंडावर?"

"तोंडावर. भर रस्त्यात, गाडी थांबवून. मला स्कूटीवर ऐकू आलं इतक्या मोठ्यानं."

तिनं पदर तोंडाला लावला. मग माझा हात धरून, लहान पोरीसारखी म्हणाली, "बाई, काय म्हणाले ते परत सांगा. जसंच्या तसं सांगा."