राजवाड्यातला नाच आणि आमच्या आई

मंडळी, आज दुपारी आमच्या मुलुंडच्या घरात जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

तीन महिन्यांपूर्वी सासरे गेले. तेव्हापासून सासूबाई जेमतेम हो-नाही एवढंच बोलायच्या. आज सुट्टी होती, म्हणून मी हॉलिवूडचा एक जुना, ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावला. राजवाडा, राजकन्या, तिच्या प्रेमात पडलेला माळी आणि दर पाच मिनिटांनी गाणं! आई शेजारी येऊन बसल्या. इंग्रजी त्यांना कळत नाही.

अर्ध्या तासाने त्या एकदम मालवणीत म्हणाल्या, "ह्या राजाक दुसरा काम नाय काय गो? सारखो नाचताहा!"

मी खो खो हसले. त्याही हसल्या.

मग माळ्याने भर दरबारात राजकन्येला नाचवलं. आई हळूच म्हणाल्या, "हे गिरणीत कामाक लागले त्या दिवशी हेंनी पण माका असाच नाचवल्यानी. खोलीभर."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी बाबांचा विषय काढला होता. मी टीव्ही बंद केला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी बाबांबद्दलच बोलत बसलो, रडलोही.

सिनेमाचा शेवट काय झाला, ठाऊक नाही. पण तो बनवणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

तुमच्या घरातलं गप्प झालेलं माणूस कशाने बोलतं झालं?