सुतकात आलेलं गिऱ्हाईक

सासऱ्यांची राखही सावडून झाली नव्हती, तेव्हा फोनवर ती विचारणा आली. अंबरनाथला आनंदनगरमध्ये सरबतं बनवणारा एक कारखानदार आमची सगळी जांभळं एकदम घ्यायला तयार होता. आठवड्यात माल हवा, फोटो पाठवा, भाव सांगा.

बदलापूरबाहेर नदीकाठी आमची जांभळाची झाडं आहेत. फळ ऑनलाइन विकायचं खूळ माझं. गिऱ्हाइकं सगळी किलो-दोन किलोची. त्यांना उत्तरं देता देता माझी बोटं झिजली आणि नवऱ्याचा धीर संपला. या हंगामात एखादं मोठं गिऱ्हाईक आण, नाहीतर जागा बिल्डरला देऊन टाकू, असं त्याने बजावलं होतं. तिकडे चिखलोलीला इमारती उठतायत, आपणच का झाडं राखत बसायचं?

मोठं गिऱ्हाईक आलं, तेही सुतकात. आमच्या घरात सुतक फिटेपर्यंत फळ उतरवून विकत नाहीत. त्याला कुठे कळणार आहे, नवरा म्हणाला. खरंच कळलं नसतं. फोनला कसला विटाळ? पण ज्यांनी जन्मभर त्या झाडांवर चढून जांभळं उतरवली, त्यांचंच सुतक लपवायला माझा हात धजेना. घरात सुतक आहे, ते फिटल्यावर माल देते, असं मी कळवलं. उत्तर सभ्य होतं. वाईट वाटलं, पण आमचं काम थांबणार नाही, दुसरीकडून घेतो. मी मोरीत जाऊन रडले. सासरे गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

जांभळं पिकून गळू लागली. कावळ्यांची चंगळ झाली, दिवसभर तिथून हलेनात.

दहाव्याला तिथेच नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. आईला सांभाळीन, नवरा हात जोडून म्हणाला. बहिणींचं माहेर तुटू देणार नाही, म्हणाला. ऊन चढलं. म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं भावकी कुजबुजू लागली. कावळे वर फांद्यांवर पोटं टम्म भरून बसलेले. भाताकडे ते कशाला बघतील? मला दिसत होतं, तसं नवऱ्यालाही दिसत असणार. तेवढ्यात मागे बसलेल्या सासूबाई उठून पुढे आल्या.

“सांग त्याला, झारांना हात नाय लावनार.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कावळ्यांचं मी बोलेन, असं त्याला वाटलं असावं. मी पदर तोंडाला लावून गप्प उभी राहिले.

“बाबा, झाडं राहतील,” तो म्हणाला, आणि इतके दिवस कोरडा राहिलेला माणूस हमसून रडला.

कावळा तरीही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे परत निघाले. वाटेत बिल्डरचा फोन आला. नवरा चिखलात उभा राहूनच बोलला.

“नाही जमणार, शेठ. बापाला शब्द दिलाय.”