कुठनं आलं हे पावणं?

आमच्या ऑफिसात चहाच्या कपांपेक्षा किस्से जास्त साठतात. कप निदान कधीतरी धुतले तरी जातात!

कोल्हापुरात आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो आणि महिन्याला रिपोर्ट देतो. साइटवर कोण आलं, कुठून आलं. कुणी सर्चमधून येतं, कुणी जाहिरातीवरून. ज्यांचा माग लागत नाही, ते 'डायरेक्ट'. सगळे घोळ या डायरेक्टवाल्यांचे!

एका चप्पलवाल्या मालकांना आमच्या सुषमानं हे समजावलं. ते भडकलेच. "म्हंजे गाव न इचारताच आत घेतलासा? आमच्यात पावण्याला आधी गाव इचारत्यात, मग चप्पल दावत्यात!"

गडमुडशिंगीच्या गूळवाल्या तात्यांकडे रोज सकाळी न चुकता एक डायरेक्ट पाहुणा यायचा. तात्या खूश. "परदेशी पार्टी असंल!" सुषमानं खोदून काढलं, तर ते तात्याच! देवपूजा झाली की स्वतःची साइट उघडायचे.

"कशाला तात्या?"

"जाग्यावर हाय का न्हाय, बघाय नको व्हय?"

मग आमचे बॉस, आण्णा, म्हणाले, "डायरेक्ट शब्दच नको. 'थेट चाहते' लिहा. भारी वाटतं." लिहिलं. पुढच्या आठवड्यात एका जिमवाल्यानं चौकात डिजिटल बोर्ड लावला. स्वतःचा गॉगलवाला फोटो, खाली 'थेट चाहत्यांचे जाहीर आभार'!

मलकापूरच्या वधूवर केंद्रात एका मुलाच्या पानावर अशाच थेट चाहत्यांची झुंबड उडाली. केंद्राच्या मॅडमनी हौसेनं त्याच्या आईला फोन केला. "पोरींची रांग लागलीय!"

आई म्हणाली, "कसली रांग? आमच्या भावकीच्या ग्रुपवर लिंक फिरतीया. उंची किती वाढवून लिवलीया बघाय येत्यात सगळी!"

आणि मसालेवाल्या शांताकाकू. साइट आल्यापासून त्यांची चटणी लांबलांब जायला लागली. बाई खमकी. थोरल्या लेकीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढलेलं खपत नाही.

त्यांच्या रिपोर्टात एक डायरेक्ट पाहुणा सापडला. मसाल्यांकडे ढुंकून बघायचा नाही. 'आमच्याविषयी' हे एकच पान उघडायचा. त्यावर काकूंचा फोटो. बराच वेळ थांबायचा आणि निघून जायचा. पुन्हा चार दिवसांनी हजर.

"कोण असंल गं?" काकूंनी विचारलं.

"नाव कळत नाही काकू. गाव तेवढं दिसतंय. नाशिक. कोण आहे का तुमचं तिथं?"

"न्हाय. कोण न्हाय."

पिशवी उचलून काकू निघाल्या. जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"सुषमा, त्या पानावरचा फोटो बदल की. आजारातनं उठल्यावरचा हाय त्यो. लई वाळल्यागत दिसतोय मी." मग पदर सारखा करत खुर्चीत ताठ बसल्या. "आत्ताच काढ. हसतोय मी."