अण्णांच्या पदकाला चुंबक लावलं

आज सकाळी अकराला मी द्वारका चौकाजवळ मित्राच्या घरी होतो. मी खेळांची नाणी आणि पदकं जमवतो, म्हणून त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, तरुणपणी कुस्तीत मिळालेलं चांदीचं पदक दाखवायला बोलावलं होतं.

"बघ, पण मागू नको हं. जिवंतपणी देणार नाही," अण्णा हसत म्हणाले.

सवयीने मी खिशातलं चुंबक काढून पदकाला लावलं. ते खट्कन चिकटलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

"म्हणजे लोखंड?" अण्णांनी विचारलं. मी मान डोलावली.

"अगं बाई! आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनात ठेवतोय आपण!" काकूंना हसू आवरेना.

अण्णा हसले नाहीत. "ने बाबा तूच," म्हणत त्यांनी पदक पुढे केलं.

लाज याची वाटते, की मी ते लगेच घेतलं.

उद्या परत द्यायला जाणार आहे. अण्णांना काय सांगू?