अर्ध्या कोयत्याची फारकत

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही दरवर्षी दिवाळीनंतर अर्धी सोडून, कारण आईबाबांबरोबर ऊसतोडीला जावं लागे. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणी वाचलीच, तर हसू नये.

मागच्या आठवड्यात शहरातून एक मुलगी आमच्या तांड्यात आली होती. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकांची माहिती भरत होती. फारकतीचं कारण काय, याखाली तिच्या कागदावर शब्द छापलेले होते: दारू, मारहाण, हुंडा, संशय, मूल न होणे, इतर. एकेक शब्द वाचून ती माझ्याकडे बघायची आणि मी नाही म्हणून मान हलवायची. शेवटी तिने ‘इतर’वर खूण केली. "इतर म्हणजे काय, ताई?" मला चारचौघांत बोलता येत नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ती मुलगी जाईपर्यंत बाहेर आलेच नाही.

तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. मुकादम जोडी बघून आगाऊ पैसे देतो, ती उचल. मग हंगामभर राबून ती फेडायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला तो उचल देत नाही. माझं लग्न झालं आणि वीस दिवसांत आम्ही उसाच्या फडात होतो.

नवरा वाईट नव्हता. प्यायचा नाही, हात उचलायचा नाही. पण चार हंगामांत आम्ही बोललो ते फक्त मोळ्यांचं. एकदा ट्रकला लावलेल्या फळीवरून मी मोळीसकट खाली पडले. तो धावत आला. त्याने आधी मोळी उचलली, गाडीत टाकली, मग माझ्याकडे वळला. गळ्यातला गमछा सोडून माझ्या पायाला बांधला आणि म्हणाला, "उद्या येशीन ना वं कामाले? खाडा पडला तं मुकादम पैसे कापते." गाठ मात्र त्याने हळू बांधली होती. तेही लिहायला पाहिजे.

चौथ्या हंगामानंतर घरी आलो, तेव्हा मागची थोडी उचल फिटायची बाकी होती. मुकादम पुढच्या वर्षाचा कागद घेऊन आला. बाकीच्या बायका अंगठा लावायच्या, मी सही करायची. त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मी पेन घेतला नाही.

"मी नाई येत यंदा," मी म्हटलं. "पाय दुखते."

नवरा रागावला नाही. पाण्याचा तांब्या मागावा तसं म्हणाला, "मंग फारकत घे. मले दुसरी पाहा लागन."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. मी हसलेसुद्धा. तेवढ्यात चुलीजवळून सासू बोलली, "बराबर बोलून राह्यला तो. बाईबिगर कोयता कसा होईन?"

आठ दिवसांनी तांड्याच्या नायकाच्या ओसरीवर बैठक बसली, माझे बाबा आणि मुकादमही आले होते. पंचांनी विचारलं, "दारू पेते का? मारते का? दुसरी बाई हाय का?" मी मान खाली घालून नाही नाही म्हणत होते.

"मंग खुपून काय राह्यलं वं तुले?" एक म्हातारा म्हणाला. "नवरा सोन्यासारखा, अन् इचा पायच दुखते!"

सगळे हसले. नवरा हसला नाही. तो एकदम उठून म्हणाला, "मले तरी कोणी इचारलं होतं का लग्नाचं?"

मग मुकादम पान थुंकून बोलला, "त्यात काय लपवाचं? मी उचल आंधी देली, सोयरीक मंग झाली. याले म्हटलं, कोयता पुरा कर अन् ये. इच्या मांडवाचा खर्च त्याच पैशातला. इचारा ना इच्या बापाले."

मी बाबांकडे बघितलं. ते आपल्या चपलेकडे बघत होते.

लग्नातलं लुगडं, मणी, पंगतीतली बुंदी, सगळं डोळ्यापुढून गेलं. पहिला अख्खा हंगाम मी माझ्याच मांडवाचे पैसे फेडत ऊस वाहिला होता. आणि लग्नानंतर त्या कागदावर मीच ऐटीत सही केली होती.

फारकत झाली. राहिलेल्या उचलीतली अर्धी माझ्या नावावर आली. ती फिटली नाही, तर मुकादम म्हणेल त्या टोळीबरोबर मला पुन्हा फडावर जावं लागणार होतं.

मी माहेरी आले. जऊळका गावाजवळ एकांच्या भाजीच्या वावरात कामाला लागले. मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या. जुडी मुठीत मावते, डोक्यावर घ्यावी लागत नाही. दोन वर्षं थोडे थोडे पैसे मुकादमाला देत गेले. बाबांना रोज भाकर वाढली, पण बोलले नाही.

यंदा ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी शेवटचे चार हजार रुमालात बांधून मुकादमाच्या घरी गेले. त्याने रुमालाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे कायचे? तुह्या बापानं काल देले ना चार हजार. बकऱ्या इकल्या म्हणे त्यानं."

मला खरं वाटेना. सकाळी मीच बाबांना चहा दिला होता, ते काही बोलले नव्हते.

मुकादमाने पेटीतून कागद काढला, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, पूर्ण मिळाले. मी ते दोनदा वाचलं.